न फोडलेली पाकिटं

३ मार्च

मी फोन उचलला की तू ठेवून देतोस, ते आता पुरे झालं. गेल्या रविवारी तर मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. नुसता दम घेतला, तर तेवढ्यावर ओळखलंस आणि ठेवलास. एवढे तिखट कान लहानपणी कुठे होते तुझे? हाका मारून मारून माझा घसा बसायचा आणि साहेब शेजारच्या भिंतीवर पाय हलवत बसलेले.

असो. मी बरी आहे. तूही असशीलच. नसतास तर तुझ्या बायकोच्या चेहऱ्यावर दिसलं असतं, आणि तो मला अक्षरापेक्षा लवकर वाचता येतो.

हे पत्र मी माझ्या हाताने लिहितेय. चौथीपर्यंतची विद्या आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर तुझं तू सुधारून घे. एरवी आपल्या देशातल्या नातेवाइकांना माझी पत्रं काडी लिहिते, पण ती माझ्या बोलण्याला साखर लावते. मी सांगते, ‘लिही, माझ्या बहिणीची अक्कल गेली आहे,’ आणि ती लिहिते, ‘आजी तुमची फार आठवण काढते.’ म्हणून हे पत्र तिला दाखवलेलं नाही.

आता कामाचं. काडीला, तुझ्या लेकीला, कॉलेजात जागा मिळाली. तुझ्या बायकोने फोनवर सांगितलंच असेल, पण ती सांगते म्हणजे अर्धं रडते, त्यामुळे मी नीट सांगते. चार वर्षांचं शिक्षण आहे, हॉस्टेलात राहायचं. विषय काय, तर माती. माती! मी तीनदा विचारलं. एवढं सगळं मागे टाकून, सामान विकून, अकरा वर्षांपूर्वी या देशात आलो, आणि पोरगी शिकणार माती. मी म्हटलं, “मातीच हवी होती तर आपल्या परसात ढीगभर होती, फुकट.” तर म्हणते, “आजी, ती कुठल्या जातीची होती सांग बघू.” आता मातीची पण जात काढतात.

हॉस्टेलच्या फॉर्मवर आईची आणि बापाची, दोघांची सही लागते. बाप जिवंत असेल तर त्याचीच, दुसऱ्या कुणाची चालत नाही. मी विचारून घेतलं. आणि तू बायकोला म्हणालास, “तिच्या कागदावर माझं नाव नको.” नाव नको म्हणजे काय? आडनाव कुणाचं लावते ती, पोस्टमनचं?

फॉर्म सोबत आहे. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली आहे. पंधरा एप्रिलच्या आत तो कॉलेजात पोचला नाही तर जागा दुसऱ्याला देणार. करून पाठव.

आई

१४ मार्च

अकरा दिवस झाले. तुझ्या गावाची बस आठ तासांत पोचते, मग टपाल काय चालत जातं?

की पत्र पोचलं आणि तू बघत बसला आहेस? लहानपणी औषधाचा चमचा समोर धरला की असाच बसायचास. शेवटी नाक दाबावं लागायचं. आता नाक लांब आहे.

तेवढ्यात इथे दुसरं उभं राहिलं. फॉर्मचं चौथं पान आजाराचं आहे, ते सुटं म्हणून इथेच ठेवलं होतं. ‘यापूर्वी मोठा आजार झाला होता का?’ काडीने मला वाचून दाखवलं आणि लगेच ‘हो’वर खूण करायला निघाली. मी पेनच धरलं.

“नाही लिही,” म्हटलं.

“का?”

“का म्हणजे? बऱ्या झालेल्या आजाराची दवंडी कशाला?”

“दवंडी नाही आजी, रकाना आहे.”

“रकाना वाचायला माणूसच बसलेला असतो ना? तो म्हणेल, या पोरीला टीबी झालेला, हिच्या खोलीत कोण राहणार?”

“तेव्हा झाला होता. आता नाही. बरी झाल्याचा कागद जोडायचा, झालं. खोटं लिहिलं आणि नंतर कळलं, तर काढून टाकतील.”

“कळतंय कुणाला!”

तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, “आजी, तुला लपवायची एवढी सवय कशाची गं?” आणि पेन सोडवून घेऊन ‘हो’वर खूण केली. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. ती घासलेलीच होती.

लपवण्याचं तीच मला शिकवते याचं हसू आलं. तू तेव्हा बेकरीत होतास, म्हणून तुला हे माहीत नाही. पहिल्यांदा दवाखान्यात मी आणि तीच गेलो होतो. मला ती भाषा येत नाही, तुझ्या बायकोला ‘हो हो’ एवढीच येते, म्हणजे घरात डॉक्टरचं बोलणं समजणारी एकटी तीच, आणि आजारीही तीच. तो लांब मानेचा डॉक्टर भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे पंधरा मिनिटं बोलला. कागदावर चित्र काढलं. मी विचारलं, “काय म्हणतो?” तर म्हणे, “साधा कफ आहे, विश्रांती घ्या म्हणतात.” पंधरा मिनिटांचं चार शब्दांत उरकलं! मी म्हटलं, कफाचं चित्र काढतात का? तिची तीन दिवसांवर परीक्षा होती, तेवढी तिला देऊन टाकायची होती. मी तो कागद टेबलावरून उचलला आणि घरी आल्यावर खालच्या चाव्या बनवणाऱ्याला दाखवला. त्याला आपली भाषा येत नाही, मला त्याची नाही. त्याने चित्र बघितलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. तेवढं मला पुरलं. दुसऱ्या दिवशी तिला भरती केली ती त्या चावीवाल्यामुळे.

त्यानंतर नऊ दिवस तू होतास. पुढचं तू पाहिलं नाहीस, म्हणून लिहिते. त्या गोळ्यांनी तिची लघवी केशरी झाली. मी ओरडले, रक्त आलं म्हणून, सगळा वॉर्ड गोळा झाला. नर्स हसली. मग घामही तसाच. एकदा रडली तर डोळ्यांतून केशरी पाणी, उशीच्या अभ्र्यावर डाग पडले. तेही तुझ्या बायकोने धुतले, हॉटेलच्या चादरींना दिवसभर इस्त्री मारून आल्यावर. मग गोळ्या यकृताला सोसेनात, त्या बंद करून दुसऱ्या सुरू केल्या. सात आठवडे तिथे होती. घरी आल्यावर रोज सकाळी एक नर्स दारात यायची, समोर उभी राहून गोळ्या गिळायला लावायची आणि नंतर जीभ उचलून बघायची. दहा महिने. एक दिवस चुकला नाही. मला तुझं औषधाचं नाक आठवायचं.

शाळेचं वर्ष गेलं. पुन्हा त्याच वर्गात बसली, पोरं एका वर्षाने लहान. त्यांच्या भाषेत काकू म्हणतात तसं काहीतरी तिला म्हणायची. ती म्हणायची, “म्हणू देत, काकूला उत्तरं येतात.” आजारात भूगोलाच्या बाईंनी तिला एक काचेची बाटली पाठवली होती. त्यात माती आणि पाणी घालून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. जड असेल ते खाली बसतं, हलकं वर, थरावर थर. खिडकीत ठेवून तासन्‌तास बघत बसायची. मी एकदा पुसायला म्हणून उचलली आणि सगळं गढूळ केलं, तर काय बोलली मला! आजारपणात तेवढा एकदाच आवाज चढवला तिने. तिथून लागलं हे मातीचं खूळ.

उद्या तो बरी झाल्याचा कागद शोधायचा आहे. कागदांचा चौकोनी डबा माहीत आहे ना, पलंगाखालचा? त्यात असेल.

तू फॉर्म पाठव.

आई

१६ मार्च

डबा बघितला. कागद सापडला. बाकी विशेष काही नाही.

तुझा खोकला कसा आहे?

सही पाठव.

आई

२९ मार्च

काल पाकीट आलं. तुझ्या बायकोने फोडलं. फॉर्म कोरा, आणि सोबत एक ओळ: ‘आईच्या एकट्या सहीवर चालत असेल तर बघा. माझ्यामुळे तिचं व्हायचं ते झालं, आता चांगल्या कागदावर माझं नाव नको.’

तुझ्या बायकोने ती ओळ तीनदा वाचली आणि चपला घालून कामाला गेली. काडीने बाटली उचलून हलवली, खिडकीत ठेवली आणि समोर बसली. दीड वर्षात तिने ती हलवलेली मी पाहिली नव्हती.

आता ऐक. मध्ये थांबू नकोस आणि फाडू नकोस, मला पुन्हा लिहायचं बळ नाही.

तुला आठवत असेल, तू होतास तेव्हा आठव्या दिवशी आपल्या सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले होते. घरातल्या कुणाकडून तिला लागलं का, ते बघायला. आणि नवव्या दिवशी, हॉस्पिटलच्या जिन्यात, तुझ्या बायकोसमोर, मी तुला म्हणाले, “सहा महिने खोकतो आहेस. दाखव म्हटलं तर दाखवलं नाहीस. तूच दिलंस तिला.” तू कठडा धरून उभा होतास. त्याच दिवशी पिशवी भरून गेलास. मी म्हटलं, बरं झालं, खोकणारा गेला. हे मी मनात नाही म्हटलं, मोठ्याने म्हटलं. तुझ्या बायकोने ऐकलं. तिने तुला सांगितलं नसेल, ती तशी नाही.

इथल्या ऑफिसांची, हॉस्पिटलांची पाकिटं मी फोडत नाही. फोडून करायचं काय? ती काडीने वाचायची. काडी हॉस्पिटलात. तुझी बायको दिवसभर हॉटेलात आणि संध्याकाळी तिच्या उशाशी. मग येईल ते पाकीट मी डब्यात टाकत गेले. सात आठवड्यांची गड्डी झाली. काडी घरी आली तेव्हा मी तिच्यापुढे ती ठेवली. पण सगळी नाही.

तू गेल्यावर दहा-बारा दिवसांनी हॉस्पिटलच्या शिक्क्याची तीन पाकिटं एकदम आली होती. नावं मला वाचता येतात, त्यांची अक्षरं मी दुकानांच्या पाट्यांवरून शिकले आहे. एक तुझ्या बायकोचं, एक तुझं, एक माझं. बायकोचं वर ठेवलं. तुझं मी डब्याच्या तळाशी घातलं. माणूस गेला तर त्याचं पाकीट कशाला वर, अशा रागाने. माझं त्याच्याही खाली घातलं. वर सुईदोऱ्याची पिशवी ठेवली.

काडीने आईचं वाचलं. साफ होतं. मग विचारलंन, “बाबांचं नाही आलं?” मी म्हटलं, “त्याने पत्ता बदलला, तिकडे गेलं असेल.” “आणि तुझं?” “मला म्हातारीला कोण पत्र लिहितंय!” ती हसली. विषय संपला. हॉस्पिटलातून फोनही आले असतील, तर ते तुझ्या बायकोने ‘हो हो’ म्हणून ठेवले असतील.

पंधरा तारखेला मी डबा काढला, तेव्हा ती दोन पाकिटं तशीच होती. डिंकसुद्धा उखडला नव्हता. त्या दिवशी मी ती गादीखाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तुला चार ओळींचं पत्र लिहिलं. तेरा दिवस त्यांच्यावर झोपले. काल तुझी ती ओळ आल्यावर मी ती काढून काडीच्या मांडीवर टाकली. म्हटलं, “वाच. जसं आहे तसं. एक शब्द खाल्लास किंवा गोड केलास तर बघ.”

तिने वरच्या पत्त्यापासून वाचलं, शिक्क्यावरच्या तारखेसकट. तुझं आधी. तुझी छाती साफ आहे. होती. टीबी नाही, कधी झाल्याची खूणही नाही. खोकला पिठाच्या धुळीचा असावा, तोंडाला फडकं बांधून काम करा आणि पुन्हा दाखवा, असं लिहिलं आहे. अडीच वर्षांपूर्वी लिहिलं आहे. तू फडकं बांधतोस का?

तुझं वाचून झाल्यावर ती उठली, नळावर जाऊन तोंड धुतलं आणि येऊन माझं उचललं. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “वाच.”

माझ्या छातीत जुना डाग आहे. पुढच्या तपासणीसाठी ताबडतोब यावं, असं लिहिलं होतं.

मी ताबडतोब गेले नाही, ते पाकिटात काय असेल ते मला न फोडता माहीत होतं म्हणून. मी पंधरा वर्षांची असताना आठ महिने मामाकडे होते. सगळ्यांना सांगितलं, मामीला मदतीला गेले आहे. मदत कसली, मागच्या खोलीत माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा आणि दिवसाआड सुई. बरी झाले. लग्नाच्या वेळी कुणी विचारलं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही. तुझे वडील गेले, त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मलाच कधी कधी वाटायचं की झालंच नव्हतं.

मग जिन्यात मी एवढ्या खात्रीने कशी बोलले, हे तू विचारशील. आपल्यावर बोट येईल असं दिसलं की माणूस आधी दुसऱ्यावर रोखतो. मी तेच केलं. तुझा खोकला हाताशी होता.

आज सकाळी काडी मला हॉस्पिटलात घेऊन गेली. तोच लांब मानेचा डॉक्टर. पुन्हा फोटो, थुंकी काचेवर घेतली. फोटो लगेच बघितला, म्हणाला, डाग जुना आहे, वाळलेला दिसतो, थुंकीचं दोन दिवसांत कळेल. मी विचारायला सांगितलं, पोरीला माझ्याकडून झालं का? तो दहा मिनिटं बोलला आणि काडी दहा मिनिटं सांगत होती. झालं असेलही, नसेलही, बसमधून, वर्गातून, कुठूनही येतं, आता शोधता येत नाही, शोधून उपयोग नाही. म्हटलं, ठीक. तो डॉक्टर आहे, पण या छातीत मी त्याच्यापेक्षा जास्त वर्षं राहतेय.

बाहेर बाकावर काडी म्हणाली, “तू हे तेव्हाच सांगितलं असतंस तर?” मी म्हटलं, “तर तुझा बाप घरी असता.” ती म्हणाली, “हो.” बस्स, तेवढंच. मी वाट बघत होते की आता गोड काही लावेल. नाही लावलं. मग माझा हात धरून रस्ता ओलांडून दिला.

तुला माझा राग येईल तो येऊ दे. तुझा हक्क आहे तो, मी भागीदारी मागत नाही. पण तू स्वतःला जे धरून बसला आहेस ते माझं आहे, ते मला परत दे. तुझं पाकीट सोबत पाठवते, तुझ्या नावाचं आहे. आणि फॉर्मही. फुली खोडून मी जरा मोठी मारली आहे.

पंधरा तारीख विसरू नकोस.

आई

१० एप्रिल

फॉर्मच्या घडीत पीठ सांडलं होतं. पत्राला हात लावायच्या आधी हात धुवावेत, हे तुला मी शाळेत घालण्याआधी शिकवलं होतं. फडक्याने झटकून, पुसून, काडीने काल स्वतः नेऊन दिला. खिडकीतल्या बाईने सह्या बघितल्या, आजाराचं पान बघितलं, बरी झाल्याचा कागद बघितला आणि शिक्का मारला. मी विचारलं, “काही म्हणाली का?” काडी म्हणाली, “पुढचा, असं म्हणाली.” मी ज्या पानावरून एवढी भांडले, त्याचं एवढंच झालं.

सही तू फुलीच्या वर केलीस. फुली खाली राहिली. चालते म्हणाले.

माझी थुंकी साफ आली.

रविवारी फोन मीच उचलला. या वेळी मुद्दाम ‘हॅलो’ म्हटलं, म्हणजे फसवलं असं नको. तू ठेवला नाहीस. मीही ठेवला नाही. तुझ्याकडे मागे बेकरीचे पत्रे आदळल्याचा आवाज येत होता. मग तू खोकलास. मी म्हटलं, “फडकं.” तू म्हणालास, “बांधतो.” आणि तेवढ्यात तुझ्या बायकोने फोन हिसकावला, नाहीतर मी आणखी बोलणार होते. काय बोलणार होते ते आता आठवत नाही. आठवलं तरी या पत्रात बसणार नाही, कागद संपत आला आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तिला हॉस्टेलात पोचवायचं आहे. एक पेटी, एक गादी, पुस्तकं आणि ती बाटली. बाटली मांडीवर घेऊन जाणार म्हणते, हलू द्यायची नाही. तुझ्या बायकोला रजा नाही. माझे गुडघे जिने चढत नाहीत, आणि तिथे तीन आहेत. तेव्हा काडीने तुला एक पत्र लिहिलं आहे, ते यात घातलं आहे. मी वाचलेलं नाही. चिकटवून दिलं मला, आणि मी फोडलं नाही, मला त्याची सवय आहे. यातलं पाकीट तू मात्र आजच्या आज फोड.

उत्तर मला द्यायचं नाही. बायकोकडे निरोप द्यायचा नाही, फोनवर ‘बघू’ म्हणायचं नाही. तिने विचारलं आहे, तेव्हा उत्तर तिलाच, तुझ्या हाताने, हात धुऊन.

आई